लिंबूटिंबू नको, डाव द्या



आम्ही सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. गटात बाराजणी आहोत. रेडिओच्या या खोलीत पाचजणीच मावलो, बाकीच्या घरी रेडिओ लावून बसल्यात. आम्ही काही भाषण करणाऱ्या नव्हे. आमच्या गावच्या शाळेत जे झालं ते जसंच्या तसं सांगणार आहोत. कुठे चुकलो तेही सांगणार आहोत, कारण तुम्हाला त्याचाच जास्त उपयोग होईल.

आधी एक आठवण काढा. लहानपणी आपण शिवाशिवी खेळायचो, लगोरी खेळायचो, विषामृत खेळायचो. खेळ रंगात आला की कुणाचा तरी धाकटा भाऊ येऊन मध्ये घुसायचा. त्याला हाकललं तर घरी मार बसायचा. मग आपण काय करायचो? त्याला लिंबूटिंबू करायचो. काही गावांत कच्चं लिंबू म्हणतात. म्हणजे तो पळणार, ओरडणार, सगळ्यांत असणार. पण त्याच्यावर राज्य येणार नाही. त्याला शिवलं तरी तो बाद नाही आणि त्याने शिवलं तरी कुणी बाद नाही. खेळात आहे, पण त्याचा डाव नाही.

लहान पोराचं ते ठीक आहे. दोन वर्षांत ते मोठं होतं आणि पहिल्यांदा त्याच्यावर राज्य येतं. पण काही मुलं शाळा संपेपर्यंत लिंबूटिंबूच राहतात. पायाने अधू असलेली, ऐकू न येणारी, कमी दिसणारी, समज उशिरा येणारी. काहींना तर तेवढंही मिळत नाही. त्यांना ओट्यावर बसवतात. आज त्या मुलांच्या खेळाबद्दल बोलायचं आहे.

आमच्यातल्या दोघी शाळेत पोषण आहार शिजवतात. स्वयंपाकखोलीच्या खिडकीतून अख्खं पटांगण दिसतं. खेळाचा तास सुरू झाला की मुलं चपला काढून पळत सुटायची. ओट्यावर एक पोर बसलेली असायची, चपला राखत. तिचं नाव आम्ही सांगणार नाही. तिची आई आमच्या गटात आहे, आत्ता इथेच बसली आहे. ती म्हणाली, नुसतं धाकटी म्हणा. तर धाकटी तेव्हा पाचवीत होती. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. पाय ताठ, डावा हात थोडा कमजोर, उजवा चांगला, बोलणं स्वच्छ. सगळ्यांच्या चपला ती जोडीजोडीने लावून ठेवायची. कुणाची कुठली हे तिला पाठ होतं. बघणारे म्हणायचे, किती जबाबदारीने करते बघा. आम्हीही म्हणायचो. भाकरी थापता थापता रोज बघायचो आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एक दिवस गटाच्या बैठकीत तिची आई कंबर धरून बसली. उठता येईना. विचारलं तर म्हणाली, धाकटीला उचलून उचलून झालंय. सकाळी अंथरुणातून उचलायची, संडासला न्यायची, अंघोळीला न्यायची, खुर्चीत बसवायची, संध्याकाळी पुन्हा तेच. पोर अकरा वर्षांची झाली. घागर डोक्यावर घेतली की निदान डोक्यावर राहते, पोर तर हातातून निसटते. मग ती जे बोलली ते ऐकून बैठक गप्प झाली. म्हणाली, आज मी उचलते. मी थकल्यावर हिला कोण उचलणार? आणि ही मोठी बाई झाल्यावर कुणी उचलावं?

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्या प्रत्येक आईच्या पोटात हा प्रश्न असतो. आम्ही तो पहिल्यांदा मोठ्याने ऐकला.

आमच्या केंद्रातल्या शाळांना एक विशेष शिक्षिका भेट देतात. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रातून असे शिक्षक येत असतात. आम्ही त्यांना गाठलं. त्यांनी धाकटीचे गुडघे, कंबर, खांदे हलवून पाहिले आणि आईला विचारलं, "ही दिवसभर काय करते?" आई म्हणाली, "बसते." बाई म्हणाल्या, "पडेल म्हणून तुम्ही तिला बसवलं. पण बसून बसून तिचं अंग आखडत चाललंय."

त्यांनी जे समजावलं ते तुम्हालाही सांगतो. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही आणि व्यायामाने ती भरूनही निघत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. पण अंग वापरलं नाही की स्नायू आणखी आखूड होतात, सांधे धरतात, वजन वाढतं, पोट साफ होत नाही, झोप नीट लागत नाही. हे सगळं आजारामुळेच होतं असं आपण धरून चालतो. त्यातलं बरंचसं बसून राहण्यामुळे होतं. उलट हात, खांदे आणि पाठ बळकट झाली तर मूल स्वतःचं वजन स्वतः पेलायला शिकतं. अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून संडासात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलंय की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. दिव्यांग मुलांसाठीही त्यांनी तेवढीच सांगितली आहे. म्हणजे खेळाचा तास हा या मुलांसाठी भाकरीसारखाच आहे, आणि आपण त्यांना नेमकं त्याच वेळी ओट्यावर बसवतो.

आम्ही तावातावाने शाळेत गेलो. सरांना म्हणालो, आमच्या पोरीला खेळायला का घेत नाही? सर काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून एक कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, माझ्या मुलीला खेळाच्या तासाला मैदानात घेऊ नये. खाली सही होती. ती सही धाकटीच्या आईची होती.

आता ही गोष्ट तिच्याच परवानगीने सांगतोय. धाकटी पहिलीत असताना पटांगणात पडली होती. पुढचा दात तुटला. गावात चार तोंडांनी बोललं गेलं, की असली पोर आणि आई तिला खेळायला सोडते. त्या बोलण्याला भिऊन आईने तो कागद लिहून दिला होता. सरही भ्यायलेले होते. दोन वर्ग, एकटे सर, पोर पडली तर उत्तर कुणी द्यायचं? आई भ्याली, सर भ्याले, गाव बोललं, आणि चार वर्षं पोर ओट्यावर बसून राहिली. यात दुष्ट कुणीच नव्हतं. त्या दिवशी आईने तो कागद परत घेतला आणि दुसरा लिहून दिला. माझ्या मुलीला सगळ्यांबरोबर खेळायला घ्यावं. काय टाळायचं ते डॉक्टरांना विचारून कळवते.

मग आम्ही शाळेत नीट बघितलं. सत्तर मुलांत अशी चार मुलं निघाली. धाकटी, तिसरीतला एक मुलगा, ज्याला फार कमी ऐकू येतं, दुसरीतला डाऊन सिंड्रोम असलेला एक मुलगा, आणि चौथीतली कमी दिसणारी एक मुलगी. ऐकू न येणारा मुलगा खेळायचा, पण रोज बोलणी खायचा. शिट्टी वाजली तरी थांबत नाही, उद्धट आहे, असं सगळे म्हणायचे. त्याला शिट्टी ऐकूच येत नव्हती.

आता आमच्या चुका सांगतो.

पहिली चूक. 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. आम्हाला वाटलं, त्या दिवशी या चौघांच्या स्पर्धा घेऊ. मंडप घातला, सरपंच आले, लिंबू-चमचा झाला, बादलीत चेंडू टाकणं झालं. चौघांनाही पाण्याच्या बाटल्या बक्षीस दिल्या, फोटो काढले. उरलेली सहासष्ट मुलं सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला धाकटी पुन्हा ओट्यावर, शेजारी नवी बाटली आणि पुढ्यात चपला. एक दिवसाच्या कौतुकाने अंग बळकट होत नाही आणि मैत्रीही होत नाही.

दुसरी चूक याहून मोठी. ठरवलं की रोजच्या खेळातच घ्यायचं. लगोरी घेतली. तालुक्याच्या शिबिरात धाकटीला चाकाची खुर्ची मिळाली होती, ती पटांगणात आणली. जमिनीवरचे दगड खुर्चीतून हाताशी येत नव्हते, म्हणून लगोरी एका स्टुलावर मांडली. सुताराकडून सात लाकडी ठोकळे करून घेतले, म्हणजे रचायला सोपे. चेंडू चिंध्यांचा, लागला तरी दुखत नाही. सगळं झकास. फक्त खेळ सुरू होण्याआधी मुलांना दम दिला, की धाकटीला कुणी चेंडू मारायचा नाही. मुलांनी ऐकलं. चेंडू मुद्दाम भलतीकडे फेकले. धाकटीने सात ठोकळे रचले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी जाऊन धाकटी रडली. आईने विचारलं, "अगं, जिंकलीस ना?" ती म्हणाली, "मी खेळलेच नाही आई. मी लिंबूटिंबू होते."

मैत्रिणींनो, पोरीने एका शब्दात आमचं चुकलेलं गणित दाखवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांनाच लिंबाखाली गोल बसवलं. धाकटीही गोलात. विचारलं, हिला बाद करता आलं पाहिजे आणि हिलाही वाचता आलं पाहिजे, तर नियम काय करायचा? मोठी माणसं आठ दिवस डोकं खाजवत बसली असती. चौथीतला एक मुलगा झटकन म्हणाला, "तिला पळता येत नाही, तर तिला मारणाऱ्यानेही पळायचं नाही. जिथे चेंडू सापडेल तिथेच खाली बसून मारायचा." दुसरी म्हणाली, "चाकाला लागला तरच बाद." धाकटी म्हणाली, "माझी खुर्ची कुणी ढकलायची नाही. मीच फिरवणार." पहिल्या आठवड्यात नियम चार वेळा बदलला. खुर्ची डाव्या बाजूलाच फिरते म्हणून भांडण झालं, तेव्हा धाकटीला एक पाऊल मोकळी जागा जास्त मिळाली. पण नियम कुणाच्या कीवेतून आले नव्हते. खेळ चुरशीचा व्हावा म्हणून आले होते.

हे करताना आम्हाला एक हिशेब सापडला. कुठलाही खेळ घ्या, त्यात चार गोष्टी बदलता येतात. जागा, सामान, नियम आणि माणसं. मूल बदलायला जाऊ नका, या चार गोष्टी बदला.

जागा म्हणजे काय? आमच्या पटांगणात खुर्चीची चाकं फुफाट्यात रुतायची. मुरूम टाकून, पाणी मारून एक पट्टा चोपून घट्ट केला. ओट्याला पायऱ्या होत्या, तिथे उतार केला. कमी दिसणाऱ्या मुलीसाठी खेळाच्या रेघा पांढऱ्या फक्कीने ठळक आखल्या. दोन झाडांमध्ये तिच्या कमरेएवढ्या उंचीवर दोरी ताणून बांधली. दोरीवरून हात सरकवत ती जिवाच्या आकांताने पळते. दोन्ही टोकांना तीन पावलं आधी एकेक गाठ मारली, हाताला लागली की तिला थांबायचं कळतं. आधी ती कधी पळालीच नव्हती, नुसती चाचपडत चालायची.

सामान म्हणजे काय? चेंडू मोठा करा, मऊ करा, रंगीत करा. न दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूत घुंगरू शिवा. घुंगरू नसेल तर चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, जमिनीवरून घरंगळताना सळसळतो. अंधांच्या क्रिकेटमध्येही चेंडू आत छर्रे घालून वाजता केलेला असतो. ज्याच्या हाताची पकड कमजोर आहे त्याच्या बॅटच्या मुठीला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा, मूठ जाड झाली की धरता येते.

नियम म्हणजे काय? ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर लाल रुमाल वर करायचा. रुमाल दिसला की सगळ्यांनी थांबायचं. हा नियम आला आणि त्या मुलाचा उद्धटपणा एका दिवसात गेला. डाऊन सिंड्रोमच्या मुलाला दहा गोष्टी एकदम सांगितल्या की तो गोंधळतो. एका वेळी एक सांगा, सांगण्याआधी करून दाखवा, रोज खेळाचा क्रम तोच ठेवा. स्वमग्न मुलाला शिट्टीचा, कल्ल्याचा त्रास होऊ शकतो. त्याला कडेला एक रिंगण आखून द्या, नको वाटलं की तिथे जाऊन उभं राहायचं आणि बरं वाटलं की परत यायचं. ती त्याची शिक्षा नव्हे, विसाव्याची जागा.

आणि माणसं. प्रत्येक मुलाला एक जोडीदार द्या, पण रोज बदलून. एकाच मुलीवर ते ओझं पडलं की तिचाही खेळ जातो. पळण्याच्या शर्यतीत न दिसणाऱ्या खेळाडूबरोबर एक डोळस धावपटू असतो, दोघांच्या हाताला एकच छोटी दोरी. पॅरालिम्पिकमध्ये असंच पळतात. आमच्या पोरांनी करदोट्याने ते केलं.

आपल्या बायांचे खेळही विसरू नका. झिम्मा बसून खेळता येतो. बसफुगडीत तर बसायचंच असतं. लंगडीत सगळ्यांनाच एका पायावर यावं लागतं. लेझीम खुर्चीत बसून करता येते आणि त्यात हात, खांदे, पाठ सगळं वळतं. आमच्या शाळेत लेझमीला हलगी वाजते. ऐकू न येणारा मुलगा हलगीवाल्याच्या शेजारी उभा राहतो. ठेका त्याच्या छातीत घुमतो, आणि पुढच्या मुलाचं पाऊल बघून तो पाऊल टाकतो. आता त्याचं पाऊल चुकत नाही.

आता जपायच्या गोष्टी. भिऊन बसवायचं नाही, पण आंधळेपणानेही सोडायचं नाही. डॉक्टरांना, "खेळावं का?" असं विचारू नका. "काय टाळावं?" असं विचारा. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोलांटउडी, शीर्षासन, डोक्यावर भार येईल असं काही नको. यांतल्या बऱ्याच मुलांना जन्मतः हृदयाचा दोषही असतो, तोही तपासून घ्या. फिट येणाऱ्या मुलाला झाडावर, विहिरीवर, तळ्यावर एकटं सोडू नका. जमिनीवरचे खेळ चालतात. खेळताना फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, चप्पल नि कांदा हुंगवत बसू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा. दम्याच्या मुलाचा पंप सरांच्या खिशात असू द्या. आखडलेला सांधा जोर लावून ओढू नका. शिकलेल्या माणसाकडून एकदा बघून घ्या. आणि कुठल्याही मुलाला अचानक वेदना होत असतील तर खेळ थांबवा.

काही जणी म्हणतील, आमच्या शाळेत कोण ऐकणार? तर हे उपकार म्हणून मागायचं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. त्याच्या कलम 16 मध्ये स्पष्ट आहे, की शाळेने या मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि शिक्षणाबरोबरच खेळ व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची. बरोबरीने, हा शब्द ध्यानात ठेवा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यात शाळेला पटांगण, खेळाचं सामान आणि अडथळ्याविना आत जाता येईल अशी वाट असावी असं सांगितलं आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. आमच्या समितीत बायांची नावं होती, फक्त बैठकीला त्या जात नव्हत्या, सही घरी यायची. आता बैठकीला जातो.

पैशाचं विचाराल, तर समग्र शिक्षा योजनेतून शाळेला खेळाच्या सामानासाठी वर्षाला अनुदान असतं. प्राथमिकला 5,000 रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला 10,000 पर्यंत, माध्यमिकला 25,000 पर्यंत. आपल्या शाळेचं कशावर खर्च झालं, हे समितीत विचारा. घुंगराचा चेंडू, मऊ चेंडू, रंगीत रिंगा त्यातून येऊ शकतात. आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आम्ही ग्रामसभेत हाच मुद्दा धरला. मुरमाचा पट्टा आणि ओट्याचा उतार त्यातून झाला. मजुरीचे पैसे कमी पडले, तिथे गटाच्या बायांनी घमेली उचलली.

आपल्या जिल्ह्यातली दोन माणसं तुम्हाला ठाऊक असतील. इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, 1965 च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखालचं बळ गेलं. उपचार म्हणून पोहायला लागले आणि 1972 मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं. दुसरे आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी. शाळकरी वयात सायकलवरून पडले आणि डावा हात कायमचा अधू झाला. त्यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं. ही नावं मुलांना जरूर सांगा. पण आपल्या पोराने पदक आणलं तरच त्याचं खेळणं खरं, असं मनात धरू नका. आपली चांगली पोरं कुठे पदकं आणतात? तरी ती खेळतातच ना!

आता धाकटीचं सांगतो. ती सातवीत आहे. चाकं फिरवून फिरवून तिचे खांदे भरलेत. अंथरुणातून खुर्चीत ती आता स्वतः सरकते. आई फक्त खुर्ची धरून उभी राहते. संडासात भिंतीला लोखंडी दांडा बसवलाय, त्याला धरून तिचं तिला जमतं. जमिनीवरून खुर्चीत चढायला अजून जमत नाही, तिथे उचलावंच लागतं. तिच्या आईने विचारलेला प्रश्न पूर्ण सुटला असं आम्ही म्हणणार नाही. पण दिवसात सात वेळा उचलायची, ते आता दोन वेळा राहिलंय. तिची आई म्हणते, यातला एकेक खेप कमी झाली ते माझ्या कंबरेला कळतं.

आणि पहिल्यांदा नवा नियम लागला, त्या दिवशीची गोष्ट. धाकटी घामाने भिजून, धुळीने माखून घरी आली. आईला वाटलं पुन्हा रडणार. ती दारातूनच ओरडली, "आई, मी आज दोनदा बाद झाले!" पोर हरून आली होती आणि तिच्या तोंडावर एवढा आनंद होता, की शेजारच्या घरातली माणसं बघायला आली.

म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे. या आठवड्यात खेळाच्या तासाला आपल्या गावच्या शाळेत जाऊन या. पटांगणाकडे नको, आधी ओट्याकडे बघा. तिथे कोण बसलंय? वर्गात एकटं कोण राहिलंय? त्याच्या आईला भेटा, सरांना भेटा, भांडायला नको, बोलायला. मग मुलांना गोल बसवा आणि नियम त्यांनाच विचारा. एका खेळापासून सुरुवात करा. तुमच्या गावात काय नियम सापडला ते आम्हाला रेडिओवर कळवा, आम्हालाही हवा आहे.

आमच्या शाळेच्या ओट्यावर आता चपलांचा ढीग असतो. जोडीने लावायला कुणी बसत नाही. खेळ सुटला की पोरं एकमेकांच्या चपला घालून घरी येतात आणि संध्याकाळी आम्ही बाया घरोघर हिंडून अदलाबदल करत बसतो. वैताग येतो, पण चालतंय.